लेपर्ड गेकोचं पहिलं ब्रीडिंग: नर सोडण्याआधी काय काय बघायचं?

ठिपकेवाली
नमस्कार मंडळी. माझ्याकडे लेपर्ड गेकोची, म्हणजे ठिपक्यांच्या पाळीव पालींची, जोडी आहे. मादी चौदा महिन्यांची, वजन 43 ग्रॅम. नर दोन वर्षांचा, 68 ग्रॅम. दोघं पहिल्यापासून वेगळ्या टाक्यांत. मादी ट्रेम्पर अल्बिनो (अंगावर काळा रंग नसलेला एक प्रकार) आहे. नर दिसायला साधा, पण देणाऱ्याने तो बेल अल्बिनो या दुसऱ्या प्रकाराचा हेट (जनुक अंगात आहे, पण रंगात दिसत नाही) असल्याचं सांगितलं होतं. इन्क्युबेटर आणलाय. आता नर सोडला तर चालेल का? अंडी किती तापमानाला ठेवू? आणि पिल्लं अल्बिनो निघतील ना?

रातकिडा
43 ग्रॅमवर अजिबात नको. 50 च्या पुढे जाऊ दे, शेपूट चांगली जाड होऊ दे, मग बघा. नर तयार आहे, त्याची काळजी नको.

मंदउजेड
ठिपकेवाली ताई, वजनाचं रातकिडा यांनी बरोबर सांगितलं. अंड्यांच्या कवचाचं कॅल्शियम मादीच्या अंगातूनच जातं आणि चरबी शेपटीतून. वाढीच्या वयातल्या मादीला दोन्ही पुरत नाही. हाडं ठिसूळ होतात, अंडं पोटात अडकतं. चार-सहा महिने थांबलात तर काहीही बिघडत नाही. तोवर खाद्याला डी3 असलेली कॅल्शियम पावडर लावत राहा, साध्या कॅल्शियमची वाटी टाकीत कायम असू द्या. याच काळात दोघांच्या विष्ठेची तपासणी करून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम हा पोटातला परजीवी असलेला गेको बरेच दिवस ठणठणीत दिसू शकतो, आणि तो रोग पिल्लांत शिरला की फार वाईट होतं.

अल्बिनोचं उत्तर थोडं निराश करणारं आहे. ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर ही तीन वेगळी जनुकं आहेत, एकमेकांना पूरक नाहीत. तुमच्या जोडीची सगळी पिल्लं साधी दिसतील. प्रत्येक पिल्लू ट्रेम्परचा हेट असेल, त्यातली साधारण निम्मी वर बेलचीही हेट, आणि कुठली ते नुसतं बघून कळणार नाही. अशी पिल्लं पुढे कुणाकडे गेली की वंशाचा गुंता कायमचा होतो. मी तुमच्या जागी असते तर या मादीसाठी ट्रेम्परचाच नर शोधला असता. शोधताना एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट हे रंगप्रकार टाळा. एनिग्मात डोकं कलणं, गोल गोल फिरणं असा मेंदूचा त्रास दिसतो. लेमन फ्रॉस्टमध्ये त्वचेवर गाठी येतात. रंग कितीही सुंदर असला तरी त्या पिल्लाला ते आयुष्यभर भोगावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मादी शुक्राणू साठवून ठेवते. एकदा मिलन झालं की नर बाहेर काढला तरी ती हंगामभर दर दोन-चार आठवड्यांनी दोन-दोन अंडी घालू शकते. म्हणजे दहा-बारा पिल्लं सहज. मध्येच तुमचा विचार बदलला तरी ती थांबत नाही. म्हणून आधी पिल्लांचे डबे मोजा, मग नर सोडा. प्रत्येकाला वेगळा डबा लागतो, कारण एकत्र ठेवली की एकमेकांच्या शेपट्या आणि बोटं चावतात.

तापमानाचा प्रश्न इथेच येऊन मिळतो. लिंग उबवणीच्या तापमानावर ठरतं: 26-27 अंशांना बहुतेक माद्या, 32 च्या आसपास बहुतेक नर. दोन नर एकत्र कधीच राहत नाहीत आणि त्यांना घर मिळणंही अवघड जातं, म्हणून मी 27 ला ठेवते. वेळ जास्त लागतो, दोन महिन्यांच्या आसपास; 32 ला दीड महिन्यात निघतात. इन्क्युबेटरच्या आकड्यावर विसंबू नका. वेगळ्या थर्मामीटरचा प्रोब अंड्यांशेजारी ठेवा आणि अंडी येण्याआधी आठवडाभर रिकामा चालवून बघा.

ठिपकेवाली
मनापासून आभार. बेल-ट्रेम्परचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. नर बदलते आणि वजन वाढेपर्यंत थांबते. अंडी येणार हे कसं ओळखायचं?

मंदउजेड
मादी हळूच काचेच्या डब्यात ठेवून खालून पाहा. पोटाच्या त्वचेतून दोन्ही बाजूंना फिकट लांबट अंडी दिसतात. खाणं कमी होतं, रात्री उकरणं सुरू होतं. तिला आत नीट वळता येईल असा झाकणाचा डबा, बाजूला भोक, आत ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं भुसभुशीत खनिज), हे मिलन झाल्याबरोबर टाकीत ठेवा. घातल्यावर पोट एकदम रिकामं, कडेला वळ्या पडलेल्या दिसतात.

अंडं जसं पडलंय तसंच उचला, वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करा, फिरवू नका. व्हर्मिक्युलाइट आणि पाणी वजनाने सारखं घेऊन त्यात अर्धं रुतवा. आठवड्याने अंधारात टॉर्च लावा: आत गुलाबी प्रकाश आणि लाल शिरा दिसल्या तर फळलेलं. नुसतं पिवळं दिसलं तरी लगेच टाकू नका, आणखी थोडे दिवस बघा. पहिली दोन अंडी बऱ्याचदा फुकट जातात, त्याने खचू नका.

रातकिडा
आणि पिल्लू निघाल्याबरोबर खायला घालायची घाई नको. पहिली कात टाकेपर्यंत ते पोटातल्या बलकावर राहतं. ओलसर टिश्यू पेपर आणि पाण्याचं उथळ झाकण पुरे. कात टाकली की बारीक क्रिकेट किडे द्या.

मंदउजेड
हो, आणि क्रिकेट त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. ताई, मादीचं वजन दर आठवड्याला एकाच वेळी, खाण्याआधी करा आणि पुढच्या महिन्यात इथे आकडे टाका. बघून सांगते.