‘त्रिशंकू संसद’ : अधांतरी नेमकं कोण असतं?

बातम्यांचा अनुवाद करताना या शब्दापाशी मी दर वेळी अडतो. कुठल्याही देशात एका पक्षाला बहुमत मिळालं नाही की आपण ‘त्रिशंकू संसद’ लिहून मोकळे होतो. परवा नेदरलँड्सच्या बातमीत तसंच लिहिलं आणि खटकलं. तिथल्या कनिष्ठ सभागृहात १५० जागा आहेत आणि एकट्या पक्षाला ७६ कधी मिळतच नाहीत. मग तिथली प्रत्येक संसद त्रिशंकूच म्हणायची का? ‘अधांतरी संसद’ करून पाहिलं, तेही पटेना. जाणकारांनी सांगावं.

—

तुम्हाला खटकलं ते बरोबरच आहे. मूळ कथा आठवा. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचं होतं. विश्वामित्रांनी तपोबळाने त्याला वर चढवलं, इंद्राने आत घेतलं नाही, खाली लोटलं. तो डोकं खाली, पाय वर असा कोसळू लागला आणि धावा करू लागला, तेव्हा विश्वामित्र म्हणाले, ‘तिष्ठ, तिष्ठ!’ म्हणजे थांब. तिथेच तो थांबला. आपलं ‘तिष्ठत बसणं’ त्याच ‘तिष्ठ’शी जोडलेलं आहे.

आता हे सभागृहाला लावून बघा. सभागृह रीतसर निवडून आलेलं असतं. त्याचं काहीही अधांतरी नसतं. अधांतरी असतं सरकार, आणि तिष्ठत असतो तो पंतप्रधान होऊ पाहणारा नेता. इंग्रजीत ‘हंग पार्लमेंट’ म्हणतात, त्यातलं ‘हंग’ हे विशेषण निर्णयावर येऊ न शकलेल्या ज्यूरीलाही लागतं. तिथे मुद्दा निर्णय न होण्याचा आहे. आपण त्यातलं लोंबकळणं तेवढं उचललं आणि त्याला पुराणातला राजा शोधून दिला.

शब्द टाकून द्या असं मात्र मी म्हणणार नाही, कारण योग्य जागी तो फार नेमका बसतो. १९९६ साली लोकसभेत भाजप १६१ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला. राष्ट्रपतींनी वाजपेयींना बोलावलं, शपथविधी झाला, पण बहुमताला लागणाऱ्या २७२ जणांची जुळवाजुळव होईना. १३ दिवसांत राजीनामा. एकाने चढवलं, दुसऱ्याने आत घेतलं नाही. हा खरा त्रिशंकू! ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३०१ आणि हुजूर पक्षाला २९७ जागा मिळाल्या. हुजूर पक्षाचे पंतप्रधान हीथ लगेच पायउतार झाले नाहीत. त्यांनी लिबरल पक्षाशी बोलणी करून पाहिली, ती फिसकटली, आणि मग मजूर पक्षाचे विल्सन आले. मधले ते चार दिवस त्रिशंकू होते.

तेव्हा माझं मत असं: निकालाचं वर्णन करताना सरळ ‘कुणालाच बहुमत नाही’ लिहावं, आणि ‘त्रिशंकू’ त्यानंतरच्या खेचाखेचीसाठी राखून ठेवावा. ‘खंडित जनादेश’ मला अजिबात आवडत नाही. मतदाराने आपलं मत पुरतं दिलेलं असतं, त्यात खंडित काय झालं? कुणा एकाच्या हाती सगळं सोपवायचं नाही, हाही कौलच आहे.

—

म्हणजे बेल्जियममध्ये जून २०१० च्या निवडणुकीनंतर नवं सरकार यायला ५४१ दिवस लागले, तेव्हा संसद त्रिशंकू नव्हती, सरकार त्रिशंकू होतं?

—

सरकारही होतं, फक्त ‘काळजीवाहू’! हा आपल्या भाषेतला मला फार आवडणारा शब्द. दैनंदिन कारभार वाहून न्यायचा, मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, ही सगळी मर्यादा त्यात येते. त्रिशंकू होती ती वाटाघाट.

—

यातच विचारून घेतो. ‘युती’ आणि ‘आघाडी’ यांत अर्थाचा फरक आहे की फक्त सवयीचा?

—

आज तरी सवयीचाच. शिवसेना-भाजपची ‘युती’ आणि काँग्रेसची ‘आघाडी’ ही वाटणी वर्तमानपत्रांनी इतकी घोटवली, की शब्द पक्षांच्या नावांसारखे झाले. अर्थ बघायला गेलात तर ‘युती’ ग्रहांचीही होते. डिसेंबर २०२० मध्ये गुरू आणि शनी आकाशात जवळजवळ एकच ठिपका दिसत होते, पण प्रत्यक्षात त्यांच्यात कोट्यवधी किलोमीटरचं अंतर होतं. ‘आघाडी’चा मूळ अर्थ पुढची फळी. म्हणून मतमोजणीच्या दिवशी ‘आघाडीला आघाडी’ असा मथळा येतो आणि वाचणारा क्षणभर थबकतो. परदेशी बातमीत मी ‘संमिश्र सरकार’ लिहितो. त्याला आपल्याकडच्या कुठल्याच पक्षाचा वास येत नाही.

‘बाहेरून पाठिंबा’ मात्र जपून वापरा. १९८९ मध्ये वि. प्र. सिंहांना भाजप आणि डाव्यांनी बाहेरून पाठिंबा दिला. हे ‘बाहेर’ म्हणजे मंत्रिमंडळाबाहेर. मत द्यायला ते सभागृहात आतच बसलेले होते. नवख्या वाचकासाठी एकदा ‘मंत्रिपदं न घेता’ एवढं जोडावं.

—

मग माझं वाक्य असं करतो : ‘नेदरलँड्समध्ये याही वेळी कुणालाच बहुमत नाही, संमिश्र सरकार बनवण्यासाठी बोलणी सुरू.’

—

‘बनवण्यासाठी’च्या जागी ‘स्थापन करण्यासाठी’ घ्या. बाकी वाक्य उत्तम आहे.