एड्स स्मृती-गोधडीसाठी तुकडा शिवायचाय: कापड किती, थर किती?

तांबडाधागा: सॅन फ्रान्सिस्कोच्या एड्स स्मृती-गोधडीसाठी (एड्सने गेलेल्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलेली गोधडी) एका नावाचा तुकडा करायचा आहे. माप ३ × ६ फूट, एवढं माहीत आहे. ३६ इंची पन्हा पुरेल का? थर किती? अक्षरं चिकटवली तर चालतील?

सुईदोरा: पुरणार नाही. ३ × ६ हे कडा दुमडून झाल्यावरचं माप. चारी बाजूंना २-३ इंच जादा हवेत, म्हणजे कापताना किमान ४० × ७६ इंच. ४४ इंची पन्ह्याचं पॉपलीन किंवा हलकं कॅनव्हास सव्वादोन मीटर घ्या, अस्तर असेल तर दुप्पट. आधी भिजवून, वाळवून इस्त्री करा. आटायचं ते तेव्हाच आटू दे. मग खडूने ३६ × ७२ आखा आणि सगळी नक्षी त्याच्या आतच. होजिअरीसारखं ताणणारं कापड नको. असे ८ तुकडे जोडून १२ × १२ फुटांचा चौक करतात. एक ताणला की शेजारचेही चुण्या धरतात.

जुनेर: गोधडी म्हणतात म्हणून चार लुगडी एकावर एक घालू नका हो! भर लागतच नाही. मागे एक अस्तर पुरे, तेही तुकडे जमिनीवर अंथरतात म्हणून. (३ × ६ म्हणजे साधारण एका कबरीची जागा.) ११ ऑक्टोबर १९८७ला वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर गोधडी अंथरली तेव्हा १,९२० तुकडे होते. आता सुमारे ५०,००० आहेत, वजन ५४ टन.

सुईदोरा: चिकटवण्याचं राहिलंच. सॅन फ्रान्सिस्कोतल्या १९८५च्या मोर्चात कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या सांगण्यावरून लोकांनी एड्सने गेलेल्यांच्या नावांचे फलक फेडरल (केंद्र सरकारच्या) इमारतीच्या भिंतीला चिकटवले, ते ठिगळांच्या गोधडीसारखं दिसलं, कल्पना तिथली. पण कापडावर गोंद नको. चौक वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेले असतात. गोंद कडक होतो, घडीवर तडकतो, अक्षर सुटतं. अक्षरं कापून कडेने बारीक टाके घाला. फॅब्रिक पेंट पातळच लावा, जाड थर घडीत एकमेकांना चिकटतो. फोटो सुती कापडावर इस्त्रीने उतरवून तो तुकडा शिवा. आरसे, टिकल्या शेजारचं कापड ओरबाडतात.

तांबडाधागा: नाव देवनागरीत लिहायचं आहे.

जुनेर: लिहा, अक्षरं उभ्याने वाचता येतील एवढी मोठी. तुकड्यासोबत त्या व्यक्तीबद्दल पत्र जातं, त्यात तेच नाव रोमनमध्येही द्या, उच्चार फोडून. प्रदर्शनात नावं मोठ्याने वाचली जातात.