केळकर संग्रहालयाची सहल: मुलांना खरोखर काय मिळते?

प्रश्न: सातवीच्या ६० मुलांना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्यायचे आहे. मागच्या वर्षी एका दुसऱ्या संग्रहालयात आम्ही तासाभरात सगळी दालने पालथी घातली आणि मुलांच्या वह्यांत केवळ पाट्यांवरचा मजकूर उतरला, याची मला अजून खंत वाटते. या वेळी काय वेगळे करावे?

प्रतिसाद १: सगळे दाखवण्याचा मोह आधी सोडावा, कारण संग्रहच २०,००० हून अधिक वस्तूंचा आहे. मी माझ्या वर्गाला फक्त अडकित्त्यांपुढे थांबवले आणि प्रत्येकाला एक निवडून त्याचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले की सुपारी कातरण्याच्या साध्या कामासाठी एवढी कलाकुसर कशाला? त्या प्रश्नातून पानाचा डबा, विडा देण्याची रीत, पितळेचे कारागीर असे बोलणे वाढत गेले. धड्यातून ते घडले नसते.

प्रतिसाद २: दिनकर केळकरांनी हा संग्रह अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या स्मृतीला वाहिला, हे मुलांना अवश्य सांगावे. जाण्यापूर्वी प्रत्येकाने घरातली एखादी जुनी समई किंवा फिरकीचा तांब्या नीट पाहून यावे. मग काचेमागची वस्तू परकी वाटत नाही.

प्रतिसाद ३: प्रवास न जमणाऱ्या शाळांसाठी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरत्या संग्रहालयाची बस सुरू केली, तिचीही चौकशी करावी.