जाणिवेची शिडी आणि लेल्यांचे ऋण

वाटसरू: दगड, वनस्पती, प्राणी, माणूस आणि पुढे अतिमानव ही जाणिवेची चढण श्रीअरविंदांनी दाखवली, डार्विनला तिची केवळ बाहेरची बाजू दिसली, आणि त्या चढणीला हातभार लावणे हाच मानवजातीचा आध्यात्मिक हेतू होय, असे काल येथे कोणी ठामपणे लिहिले. डार्विनने १८५९ मध्ये जे मांडले त्यात शिडी नाही, फांद्या आहेत. झुरळ माणूस होता होता वाटेत अडकलेले नाही. नैसर्गिक निवडीला हेतू चिकटवायचा असेल तर खुशाल चिकटवावा, पण त्यासाठी डार्विनला साक्षीला बोलावू नये.

जुना बडोदेकर: ते मीच लिहिले होते, आणि आपण श्रीअरविंद वाचलेले नाहीत हे उघड आहे. १९१४ पासून ‘आर्य’ मासिकातून त्यांनी मांडलेला मुद्दा असा की, जे जडात मुळातच नाही ते जडातून प्रकट होणार नाही. चैतन्य आधी जडात उतरून झाकले गेले आहे, म्हणूनच ते उमलते. माणूसही त्यांच्या मते शेवट नव्हे, मधला टप्पा आहे. खंत वेगळीच आहे. सुरतेची काँग्रेस फुटल्यानंतर, १९०८ च्या प्रारंभी, बडोद्यात तीन दिवस जवळ बसवून त्यांचे मन निःशब्द केले ते विष्णु भास्कर लेले या मराठी माणसाने, आणि आज त्यांचे नाव महाराष्ट्रात कोणाला ठाऊक आहे?

शेवंती: मग लेल्यांची गोष्ट अर्धी का सोडता? पुढे कलकत्त्यात भेट झाली तेव्हा, शिष्याने सकाळ-संध्याकाळचे नेमाचे ध्यान सोडल्याचे कळताच, ‘तुला आसुरी शक्तीने धरले आहे’ असे याच गुरूंनी सांगितले. दोन योग्यांचेच एकमेकांविषयी एकमत होत नसेल, तर कोण कितव्या पायरीवर आहे हे मोजायचे कोणी?

जुना बडोदेकर: हा प्रसंग श्रीअरविंदांनीच सांगितलेला आहे, आणि लेल्यांचे ऋण त्यांनी नाकारले नाही. अर्धवट वाचून टोमणे मारणे सोपे असते.

वाटसरू: मूळ प्रश्न हेतूचा होता, याची नम्र आठवण.

शेवंती: टोमणा नाही, बडोदेकर. माझ्या आईला सहा वर्षे स्मृतिभ्रंश होता. शेवटी तिला माझे नाव आठवेना, पण मी हरिपाठाची ओळ सुरू केली की पुढची ती म्हणत असे. समाचाराला आलेल्या एका साधकांनी ‘त्यांची जाणीव खालच्या स्तरावर गेली’ असे तिच्यासमोरच सांगितले, आणि त्या दिवसापासून ‘स्तर’ हा शब्द मला सहन होत नाही. आम्हा वारकऱ्यांचे तुकोबा तर मुक्ती नको, खुशाल गर्भवासी घाल, असे देवाला सांगतात. त्यांना तुम्ही कोणत्या पायरीवर बसवणार?

जुना बडोदेकर: ते गृहस्थ मूर्ख होते, एवढे मान्य करतो, त्यांच्या मूर्खपणाने सिद्धान्त खोटा ठरत नाही. मात्र नाव पुसले गेले आणि हरिपाठ राहिला, याचा उलगडा वाटसरूंची नैसर्गिक निवड करील काय?

वाटसरू: लहानपणापासून रोज लयीत घोकलेले पुष्कळदा उशिरा पुसले जाते, त्याला श्रीअरविंदांचे अतिमानस, म्हणजे मनापलीकडची जाणीव, लागत नाही. म्हणताना त्यांना आतून काय जाणवत होते, हे मात्र माझे शास्त्र सांगू शकत नाही. घ्या, तेवढा गुण तुमचा.

शेवंती: तो गुण दोघांनीही घेऊ नये. हरिपाठ संपला की ती चहा मागत असे.