‘दहा टक्के मेंदू’ मुलांसमोर कसं खोडून काढावं?

विश्रामबाग विज्ञानमंडळ
२८ फेब्रुवारीला सांगलीत नववी-दहावीच्या मुलांना ‘लूसी’ (२०१४) या चित्रपटातला प्राध्यापकाच्या भाषणाचा तुकडा दाखवायचाय. माणूस मेंदू दहा टक्केच वापरतो, डॉल्फिन वीस टक्के, हे मॉर्गन फ्रीमन अशा भारदस्त आवाजात सांगतो की मुलांना पटूनच जातं. तासाभरात, फळ्याशिवाय हे कसं खोडावं?

मिरजेची पेटी
भाषणापुरतंच दाखवा, पोटात अमली पदार्थाची पिशवी शिवतात तो भाग या वयाला नको. मेंदू साधारण १.३ ते १.४ किलो, अंगाच्या वजनाच्या २ टक्के. पण बसल्या जागी शरीराला लागणारी २० टक्के ऊर्जा तो एकटा खातो. नव्वद टक्के रिकामा बसणारा अवयव निसर्गाने इतका महागात पोसलाच नसता.

मग पेटी आणा. एकाला सरगम वाजवू द्या. दुसऱ्याला कोपरापासून मनगटापर्यंत हात आडवा टाकून सगळ्या पट्ट्या दाबायला लावा. भाता बघता बघता बसतो, उरतो नुसता गोंगाट. असंख्य चेतापेशी एकदम एकाच तालात पेटल्या की आकडी येते, अचाट बुद्धी नव्हे. घोळ इथेच होतो: ‘म्हणजे आपण थोड्याच पट्ट्या वापरतो’ असं मुलं धरून बसतात. म्हणून लगेच एखादं अख्खं गाणं वाजवा आणि एकेक करून किती पट्ट्या लागल्या ते मोजायला सांगा. मेंदूचे भागही असेच आलटूनपालटून कामाला येतात.

कऱ्हाडची प्रयोगशाळा
सोबत बोकडाचा मेंदू ठेवा. भेजा घ्यायच्या आदल्या दिवशीच मटणवाल्याला सांगा, अख्खा हवा. घाईत कोयता मधोमध बसतो आणि लहान मेंदू तुटून जातो. ताजा भेजा लोण्यासारखा मऊ, सुरीखाली चिरडतो. म्हणून आधी तो फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनात, घट्ट करा: बाजारातलं फॉर्मॅलिन १ भाग, पाणी ९ भाग. भेज्याच्या दहापट द्रावण, दोन आठवडे. बरणीच्या तळाशी कापूस घाला, नाहीतर खालची बाजू चपटी होते. कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा.

दाखवायचा तो मागचा लहान मेंदू. माणसात तो वजनाने जेमतेम १० टक्के, पण ८६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के त्यातच असतात.

विश्रामबाग विज्ञानमंडळ
फॉर्मॅलिन मुलांच्या हाती द्यावं का?

कऱ्हाडची प्रयोगशाळा
नको. वाफेने डोळे, घसा चुरचुरतो. खिडक्या उघड्या, हातमोजे घालून शिक्षकांनीच कापावं.

मिरजेची पेटी
तेव्हाच डाव्या कपाळामागचा, वाचेचा भाग माणसाच्या चित्रावर दाखवा. पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये तो ओळखला. तेवढ्या जागेला इजा झाली तरी बोलणं अडतं.