पार्किंगमधलं बॉक्सिंग

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका अपार्टमेंटचा व्हॉट्सॲप ग्रुप)

बी-१०४, सुभेदार काका: सर्वांना नमस्कार. पाऊस लागलाय, व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चिखल. पोरं संध्याकाळभर जिन्यात मोबाईल घेऊन बसूलेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार ६ ते ७ पार्किंगच्या रिकाम्या बाजूला मी बॉक्सिंग शिकवतो. मुलं-मुली दोघंही, वय नऊच्या पुढं, फी नाही. आधीच सांगतो, कुणी कुणाला मारणार नाही. ठोसा फक्त टांगलेल्या बॅगेला आणि जोडीदारानं हातात धरलेल्या पॅडला.

ए-२०३, काकू: राग मानू नका काका, पण बॉक्सिंग म्हटलं की पोटात गोळाच येतो. आमचा गेल्याच आठवड्यात शाळेत मारामारी करून आलाय. त्याला आणखी ठोसे शिकवायचे?

सी-३०१: आणि न मारता कसलं बॉक्सिंग हो? आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघत वाढलो आम्ही. चितपट झाल्याशिवाय पोरांना गोडी लागत नाही.

सुभेदार काका: तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुस्ती लावतात काय? आधी माती उकर, मग जोर-बैठका. त्यातच निम्मं पोर घडतं.

आता माझं सांगतो, घरातसुद्धा फार कुणाला ठाऊक नाही. भरतीच्या आधी, सतराव्या वर्षी, एका ठिकाणी सरावाला जायचो. माझ्याहून थोराड गड्यासमोर उभं केलं. एक ठोसा कानशिलावर बसला. मी पडलो नाही म्हणून शाबासकी मिळाली आणि पुढचा राऊंडही खेळवला. नंतर तीन आठवडे वाचताना ओळी हलायच्या. चिठ्ठी लिहायला बसलो तर साधा शब्द आठवायचा नाही. डोक्याला हेडगार्ड होतं बरं का. त्यानं कातडं फुटायचं वाचतं, आत मेंदू हलायचा तो हलतोच. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्येच मुलांच्या बॉक्सिंगला विरोध केलाय, तो या डोक्यावरच्या माराच्या भीतीनंच. मला ते शंभर टक्के पटतं. म्हणून माझ्याकडं स्पॅरिंग, म्हणजे समोरासमोर ठोसे मारायची सराव-लढत, नाही, कुणी कितीही मागितलं तरी नाही.

बाकी सगळं आहे. दोरीवरच्या उड्या, पाय कसे टाकायचे, जॅब, क्रॉस, हुक, अपरकट हे चार ठोसे, आरशासमोर शॅडो म्हणजे नुसते हवेत ठोसे. तीन मिनिटांचा राऊंड, एक मिनिट दम खायचा. तीन मिनिटं हात वर धरून बघा, मग गोडीचं बोलू.

काकू, तुमच्या मुलासाठी सांगतो. जोडीतला एक पॅड धरतो आणि आकडा पुकारतो, दुसऱ्यानं त्या आकड्याचाच ठोसा मारायचा. "थांब" म्हटलं की हात हवेतच थांबला पाहिजे. मारणारं पोर धरणाऱ्याला जपतं, कारण पुढच्या राऊंडला पॅड त्याच्या हातात असतात.

डी-१०२: नमस्कार. माझी मुलगी येते म्हणते. मेरी कोमचं २०१२ चं ब्राँझ, लवलिनाचं टोकियोचं, सगळं पाठ आहे तिचं. पण घरी आमची कन्नड. मराठी आकड्यात गडबड होते.

सुभेदार काका: येऊ दे की! एक राऊंड मराठीत मोजू, एक कन्नडमध्ये. ओंदु जॅब, एरडु क्रॉस, मूरु हुक, नाल्कु अपरकट. चारच्या पुढं जायचंच नाही.

बी-२०२: वडगावात आमचे माग आहेत. बॅग भरायला सूत, चिंध्या लागतील तेवढ्या देतो. खाली थोडी वाळू घालू काय, वजनाला?

सुभेदार काका: वाळू अजिबात नको. ती तळाला बसते, दगड होतो आणि पोराचं मनगट जातं. चिंध्याच गच्च भरा.

सेक्रेटरी: स्लॅबला भोक पाडायचं नाही, एवढी माझी अट. लोखंडी स्टँड करून घेऊ. आणि एसएसएलसीची, दहावीची मुलं आहेत, सातनंतर आवाज नको.

सुभेदार काका: मान्य.

(शुक्रवार, रात्री)

ए-२०३, काकू: काका, आज जिन्यातून बघत उभी होते. आमच्यानं अंगठा मुठीच्या आत घातला होता. तुम्ही काही न बोलता तो बाहेर काढलात, बोटांवरून आडवा ठेवलात. मग त्यानं शेजारच्या छोट्याचा अंगठा तसाच नीट केला. घरी येऊन जेवताना पण मूठ करून बघत होता.

सुभेदार काका: अंगठा आत राहिला तर मोडतो, तेच सांगितलं त्याला. पोरगं लक्ष देऊन शिकतंय. पॅड तर फारच छान धरतो, हलत नाही.

ए-२०३, काकू: हाताला बांधायच्या पट्टीला जुनी सुती साडी चालेल का? किती लागेल?

सुभेदार काका: चालेल की. दोन इंच रुंद, साडेचार मीटर लांब. काठ तेवढे काढून टाका, टोचतात. आणि प्रत्येक वेळी धुऊन पाठवा.

ए-२०३, काकू: एका साडीत बऱ्याच होतील. सगळ्यांच्याच फाडते.