अनुभव धागा : सहावी ते आठवीच्या मराठीच्या तासांनी हाती काय दिले?

माझी मुलगी सातवीत आहे. गेल्या आठवड्यात सामान्यरूपे (प्रत्यय लागताना शब्दाची बदललेली रूपे) घोकता घोकता तिने विचारले, "हे पुढे कुठे उपयोगी पडणार आहे का?" आणि मला चटकन उत्तर देता आले नाही. या तीन वर्षांत मराठीच्या तासाला आपण व्याकरण, शुद्धलेखन, सारांश, निबंध, वृत्ते असे बरेच काही शिकलो. त्यातले जे आजही अंगवळणी आहे, किंवा आजही सलते आहे, ते कृपया नेमक्या उदाहरणासह लिहावे. 'भाषा समृद्ध झाली' एवढ्याने तिचे समाधान होणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

उपान्त्य

मी मुद्रितशोधनाचे काम करतो, म्हणजे सहावीत शिकलेल्या एका नियमावर माझे पोट चालते. प्रत्यय लागताना शब्दाचे शेवटून दुसरे, म्हणजे उपान्त्य, दीर्घ अक्षर ऱ्हस्व होते : 'गरीब'चे 'गरिबाला' होते, 'फूल'चे 'फुलाला' होते; मग 'शरीर'चे 'शरिराला' का होत नाही, असे मी वर्गात विचारले होते. सरांनी सांगितले की संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आपले दीर्घत्व सोडत नाही. म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ ठरवायचे तर तो शब्द कुठून आला हे माहीत हवे. त्या दिवसापासून शब्दांची कुळे शोधण्याचा मला नाद लागला. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर घातली, हे मला पुष्कळ नंतर कळले. आजोबा 'घरांत' असे अनुस्वार देऊन लिहीत, त्याला मी चूक समजत असे; ते या नियमांआधीच्या जुन्या पद्धतीने बरोबरच लिहीत होते.

लेखनिक

आठवीत व्याकरणातले प्रयोग (क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते की कर्माप्रमाणे, ते) शिकवताना बाईंनी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली : 'मुलाने काच फोडली', 'मुलाकडून काच फोडली गेली' आणि 'काच फुटली'. मग त्यांनी विचारले, "तिसऱ्या वाक्यातला मुलगा कुठे गेला?" वर्ग हसला. पहिले वाक्य कर्मणी, दुसरे नवीन कर्मणी आणि तिसरे चक्क कर्तरी. तिथे काच स्वतःच कर्ता होऊन बसते आणि मुलगा सहीसलामत सुटतो. "मुख्याध्यापकांसमोर उभे केल्यावर तुम्ही यांतले कोणते वाक्य बोलाल?" या त्यांच्या प्रश्नाला सगळ्यांनी एका सुरात तिसरे वाक्य सांगितले.

आता मी बैठकांची इतिवृत्ते आणि चौकशीचे अहवाल लिहिते. 'मुदत उलटून गेली', 'कागद गहाळ झाले', 'निर्णय घेण्यात आला' अशी वाक्ये रोज समोर येतात आणि प्रत्येक वेळी मला ती काच आठवते. समासात मी पेन्सिलीने 'कोणी?' एवढेच लिहून मसुदा परत पाठवते. (या सवयीमुळे मी कार्यालयात फारशी लोकप्रिय नाही.) प्रयोग ओळखा, एक गुण, असा प्रश्न परीक्षेत येत असे; त्या एका गुणापलीकडचे हे शिक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते.

रात्रपाळी

सारांशलेखन. मूळ उतारा एक तृतीयांश करायचा, स्वतःच्या शब्दांत. आम्ही प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य उचलून मोकळे व्हायचो, म्हणून सर पुस्तक मिटायला लावून मगच लिहू देत. मी परिचारिका आहे. पाळी बदलताना बारा तासांची हकिकत पाच ओळींत सांगावी लागते. आजही आधी नोंदवही मिटते, महत्त्वाचे काय ते मनाशी ठरवते आणि मग आकडे पडताळण्यासाठी ती पुन्हा उघडते.

यमाताराजभानसलगा

भुजंगप्रयात वृत्तात चार य-गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट), प्रत्येकी एक लघु (ऱ्हस्व) आणि दोन गुरू (दीर्घ), म्हणजे ओळीत बारा अक्षरे. मनाचे श्लोक याच वृत्तात असल्याने चाल सर्वांना पाठ होती. सातवीत प्रत्येकाने एक ओळ स्वतः रचायची होती. माझी ओळ : 'सकाळी उशीरा उठावे कशाला'. बोटांवर मोजली, बारा अक्षरे, गणही नेमके बसले. शेजारच्या मुलाने लगेच हरकत घेतली की नियमाने 'उशिरा' ऱ्हस्व हवे. तसे केले तर गण मोडत होता. बाईंनी सांगितले की वृत्ताच्या बंधनासाठी कवीला एवढी मोकळीक असते, आणि मला पूर्ण गुण दिले. नियम कशासाठी मोडायचा हे सांगता आले तरच तो मोडता येतो, ही गोष्ट मला त्या एका अक्षराने पटवली. पुढे कविता केली नाही. पण आजही ओळ वाचली की बोटे चालू लागतात.

कोरी वही

मी विरुद्ध बाजूने लिहितो. आमच्या वर्गात निबंध फळ्यावरून उतरवून घेतला जाई. 'नदीचे आत्मवृत्त' चाळीस वह्यांत शब्दशः सारखेच होते. एकदा मी नदीऐवजी गळक्या नळाचे आत्मवृत्त लिहिले, त्यावर लाल शाईत 'विषयांतर' असा शेरा आला. त्यानंतर कित्येक वर्षे मनाने काही लिहिले नाही.

दोन रकाने

आमच्या घरी 'व्हता', 'न्हाई', 'कवा', 'लई' असेच बोलत. सहावीत मी उत्तर देताना 'पानी' म्हणाले की वर्गात खसखस पिकत असे, म्हणून मी हात वर करणेच सोडले होते. सातवीत नवे सर आले. त्यांनी वहीच्या पानावर उभी रेघ मारायला लावली. डावीकडे 'घरी बोलतो ते', उजवीकडे 'वहीत लिहितो ते'. चूक-बरोबर हे शब्द त्यांनी त्या पानापुरते बंद केले. ज्यांच्या घरी पुस्तकी बोली होती त्यांचा डावा रकाना रिकामा राहिला आणि ते माझ्याकडे शब्द मागायला आले. मी बावीस शब्द दिले.